जीपचं इंजिन होडीत बसवायचं असेल तर

आमच्या मामांची लाकडी होडी आहे कृष्णेवर, चिकोडी तालुक्यात, पलीकडच्या मळ्यातलं गवत आणायला. जुनं मरीन इंजिन पार गेलं, नवीन घ्यायची ऐपत नाही, म्हणून भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन आत टाकणं एका दिवसाचं काम हो, बाकी दीड महिना कशात गेला ते सांगतो.

इंजिन जुनं, मेकॅनिकल पंपवालंच घ्या. कॉमन रेल, म्हणजे संगणकावर चालणारं नवं डिझेल इंजिन, घेतलं की ईसीयू (तो संगणक), सेन्सर, वायरिंग सगळं लचांड मागं लागतंय. पेट्रोल तर नकोच, त्याची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या पोटात साचून राहते आणि गाडीच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. भंगारवाल्याकडून बिल मात्र मागून घ्या, इंजिन नंबर कुणी विचारला तर बोंब नको.

गाडीचा गिअरबॉक्स वापरू नका. होडीचा पंखा (प्रोपेलर) पाणी मागं ढकलतो त्याचा सगळा रेटा त्याच्या दांड्यातून, म्हणजे शाफ्टवाटे, आत येतो, तो सोसणारं थ्रस्ट बेअरिंग मरीन गिअरबॉक्समध्ये असतं, गाडीच्यात नाही. जुना मरीन गिअरबॉक्स धड असेल तर तोच ठेवायचा, फक्त नव्या इंजिनाची ताकद आणि फिरायची दिशा त्याला चालते का बघून घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली अ‍ॅडाप्टर प्लेट आम्ही बेळगावात उद्यमबागेत करून घेतली. मी वहीत मापं काढून नेली होती, टर्नर म्हणाला, "वही ठेवा तिकडं, बेल हाउसिंग नि गिअरबॉक्स दोन्ही घेऊन या की." बेल हाउसिंग म्हणजे इंजिनाच्या मागचं घंटेसारखं कव्हर. सेंटर जुळवून दोन डॉवेल पिन (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट खुंट्या) मारल्या, नुसत्या बोल्टच्या भरवशावर सेंटर राहत नाही.

आता पाणी. होडीत समोरून वारा नाही म्हणजे रेडिएटर बिनकामाचा, आणि गाडी सपाट रस्त्याला निवांत पळते तसं होडीत नसतं, इंजिन सारखं चोर्ला घाट चढत असल्यासारखं लोडवर. नदीचं पाणी थेट इंजिनात घेतलं तर पावसाळ्यात गाळानं जॅकेट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटा, बुजणार, म्हणून तळाला बाहेरून पाइप फिरवले आणि कूलंट त्यातूनच गार होऊन परत येतं. कारवारकडं समुद्रात चालवणार असाल तर खाऱ्या पाण्याला टिकणारा हिट एक्सचेंजर (बाहेरच्या पाण्यानं कूलंट गार करणारा डबा) बघा. सायलेन्सरचा पाइप लाकडापासून लांब ठेवून त्याला ग्लासवूलची दोरी गुंडाळा.

सगळ्यात जास्त रडवलं ते अलाइनमेंटनं, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका रेषेत आणण्यानं. गिअरबॉक्सचा फ्लँज (जोडायची गोल चकती) आणि शाफ्टचा फ्लँज समोरासमोर आणून वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, ४ इंची फ्लँजला फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत पाहिजे. काठावर आमचा ०.०८ आला, आम्ही खूश, होडी पाण्यात ढकलली आणि शाफ्ट असा घुमायला लागला की मामा म्हणाले, "बंद कर, बंद कर!" परत मापलं तर खाली ०.३५ उघडं. लाकूड पाण्यात गेलं की होडीचा आकार जरा बदलतो, म्हणून शेवटचं माप होडी तरंगत असतानाच घ्या, इंजिनाच्या माउंटिंगखाली शिम (पातळ पत्रे) घाला आणि दोन दिवसांनी परत तपासा.

पहिल्यांदा चालवताना होडी दोरानं काठाला बांधून, गिअर टाकून अर्धा तास चालवा, टेंपरेचरच्या काट्यावर डोळा ठेवा. शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे, एकदम कोरडं करायला त्यातलं पॅकिंग (पाणी अडवणारी दोरी) आवळलंत तर शाफ्ट जळतो. माणसं न्या नाहीतर गवत, इंजिनाची होडी असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणं नोंदणी आणि सर्वे आधी करून घ्या, मामांची होडी गवतापुरती असली तरी कागद बघूनच पाण्यात घातली.

मग मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल द्या. आमचं इंजिन पूर्ण आरपीएमला पोचेना, मागं काळा धूर, म्हणजे पंखा जड. पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) कमी करून आणल्यावर धूर गेला.