केबिनची जागा हिवाळ्यातल्या सावलीवरून ठरवा

उन्हाळ्यात लख्ख वाटणारी जागा हिवाळ्यात दिवसभर सावलीत असू शकते, आणि हे केबिन बांधून झाल्यावर कळतं. म्हणून आडरानातल्या जमिनीची एक फेरी २१-२२ डिसेंबरच्या आसपास मारा (दक्षिण गोलार्धात जूनमध्ये). ४५ अंश अक्षांशावर तेव्हा दुपारी सूर्य जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो. १० मीटर उंच झाडाची सावली सपाट जमिनीवर २५ मीटर पसरते. उत्तर गोलार्धात जूनमध्ये तीच ४ मीटर असते.

१. मनातल्या जागेवर सकाळी, दुपारी आणि सूर्य कलताना उभे राहा. ऊन अंगावर पडतं का, बस्स, एवढंच बघायचं.

२. सावलीची कड जिथे पोहोचते तिथे जवळच्या झाडाला भडक रंगाची फीत बांधा, डोक्याच्या उंचीवर. खुंट्या नेऊ नका: गोठलेल्या जमिनीत त्या जात नाहीत आणि बर्फात रोवलेली काठी बर्फ वितळला की आडवी होते.

३. प्रत्येक ठिकाणाचा फोटो घ्या आणि ऑफलाइन नकाशावर खूण करा. मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

बर्फ कुठे आधी विरघळलाय तेही टिपा. माझ्या मते मोजपट्टीपेक्षा ती खूण जास्त बोलकी.

एकटे जात असाल तर परतायची वेळ आणि जागेचा नकाशा कुणाकडे तरी देऊन जा. संध्याकाळची नोंद घेण्यासाठी अंधार पडेपर्यंत मात्र थांबू नका.