एका बाभळीवरच्या चार मुंग्या

आफ्रिकेतल्या मुंग्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी एकच झाड सुचवतो. केनियातल्या लायकिपिया पठारावरची फुगीर काट्यांची बाभूळ, व्हॅचेलिया ड्रेपॅनोलोबियम. जमीन आपल्या कापसाच्या रानासारखीच काळी, पावसात बूट ओढून घेणारी. त्या जमिनीवर मैलोन्‌मैल जवळपास हेच एक झाड, आणि त्याच्यावर मुख्यतः चार जातींच्या मुंग्या. एका झाडावर सहसा एकाच जातीचं राज्य असतं. नवख्याला याहून सोपी शाळा मिळणार नाही.

नवीन माणूस पहिल्यांदा रंग बघतो. रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी कंबर. मुंगीच्या छाती आणि पोटाच्या मध्ये एक मणी आहे की दोन? या चौघींनाही दोन आहेत. मग दुसरा मणी पोटाला कुठे जोडलाय ते बघा. क्रेमॅटोगॅस्टर या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) तो पोटाच्या वरच्या अंगाला जोडलेला असतो, त्यामुळे चिडलेली मुंगी पोट थेट पाठीवरून डोक्याकडे वळवू शकते. वरून पाहिलं तर पोट पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं. हे एकदा मायक्रोस्कोपखाली नीट पाहिलं की जीनस ओळखायला किल्ली, म्हणजे लक्षणांवरून नाव शोधायचा तक्ता, उघडावी लागत नाही. चौघींपैकी तीन या जीनसच्या: मिमोसी, निग्रिसेप्स आणि श्योस्टेटी. चौथी टेट्रापोनेरा पेंझिगी. ती सडपातळ, लांबट, डोळे मोठे, आणि दुसरा मणी पोटाला समोरूनच जोडलेला.

आता रंगाकडे या. निग्रिसेप्सचं डोकं काळं आणि अंग तांबूस, श्योस्टेटी काळी. या एका झाडापुरतं एवढं चालतं. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या झाडावरच्या क्रेमॅटोगॅस्टरला याच हिशेबाने नाव दिलंत तर फसाल. आफ्रिकेतल्या या जीनसची जुनी नावं म्हणजे मोठा गुंता आहे. फोरेल, सांची वगैरे जुन्या मुंगीतज्ज्ञ मंडळींनी जरा रंग बदलला की उपजात, केस जरा कमी-जास्त दिसले की आणखी एक प्रकार, अशी खैरात केली. म्हणून वहीत 'क्रेमॅटोगॅस्टर, प्रकार १' असं लिहायला लाजू नका. खोट्या पूर्ण नावापेक्षा ते कधीही बरं.

मुंगीइतकीच तिची वागणूक टिपा, कारण नमुन्याच्या बाटलीत वागणूक राहत नाही. निग्रिसेप्स झाडाचे कोंब कुरतडते, म्हणून झाड छाटल्यासारखं दिसतं. पेंझिगी पानांवरच्या मधाच्या ग्रंथी नष्ट करते. त्यामुळे शेजारच्या दांडग्या मुंग्यांना त्या झाडावर यायचं कारणच उरत नाही. श्योस्टेटी फुगीर काट्यांत राहतच नाही, भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पोखरलेल्या खोडात राहते. लेबलवर 'बाभळीवर' एवढंच लिहिलंत तर यातलं निम्मं शिक्षण वाया गेलं. काट्यात, खोडात की जमिनीवर, हे तिथल्या तिथे लिहा. आणि पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

नमुने एकाच वसाहतीतले, आणि एकाहून जास्त घ्या. हे पाचव्या पाहुणीसाठी सांगतोय. फायडोली मेगॅसेफाला ही बाहेरून आलेली मुंगी तिथे पसरतेय. फॅब्रिशियसने 1793 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. तिच्यात दोन प्रकारच्या कामकरी असतात: लहान, आणि भल्यामोठ्या डोक्याच्या. नुसत्या लहानच गोळा केल्यात तर ओळख पटवताना घाम फुटेल. मोठ्या डोक्याची एक जरी सापडली तरी काम बरंच हलकं होतं. ही मुंगी बाभळीवरच्या क्रेमॅटोगॅस्टर मारून टाकते, आणि हत्तींना दूर ठेवणारे हे राखणदार गेले की हत्ती झाडं मोडतात. झाडी विरळ झाली की सिंहांना दबा धरायला आडोसा राहत नाही, झेब्रा हाती लागेनात म्हणून ते रानम्हशींकडे वळतात. हे 2024 मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आलं. अशा कामात बाटलीवरचं नाव चुकलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

केनियात जाण्याआधी संशोधनाचा परवाना लागतो, तो 'नाकोस्टी' हा तिथला सरकारी विज्ञान आयोग देतो. नमुने देशाबाहेर न्यायचे तर त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. हे कागद तिकिटाच्या आधी करा. तोवर घरी बसायची गरज नाही. क्रेमॅटोगॅस्टर, टेट्रापोनेरा, फायडोली हे तिन्ही जीनस महाराष्ट्रातही आहेत. जाती वेगळ्या, पण कंबरेची रचना तीच. बांधावरच्या बाभळीपासून सुरू करा, आणि शेजारी 'अँटवेब' या मुंग्यांच्या संकेतस्थळावरचे आफ्रिकी नमुन्यांचे फोटो उघडे ठेवा. डोकं समोरून, अंग बाजूने आणि वरून, अशा तीन बाजूंचे फोटो तिथे असतात. तुमचा नमुनाही त्याच तीन बाजूंनी बघा.