चीन सहल: बीजिंग–शीआन रेल्वेची तारीख निवडताच येत नव्हती, ती अडचण अशी सुटली

दोन महिने आधी तिकिटं काढायला बसलो, तरी बीजिंग–शीआन–शांघाय मार्गावर आमच्या तारखा फिक्याच दिसायच्या. दोन एजंट ॲप पाहिली, ब्राउझर बदलला. एकीकडे पैसेही भरले, तर ती नुसती प्रतीक्षेची नोंद निघाली. फार मनस्ताप झाला.

कारण साधं आहे. आपल्याकडे आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तिथे प्रवासाचा दिवस धरून 15.

मग असं केलं. आधी 12306 या रेल्वेच्या अधिकृत ॲपवर खातं काढून पासपोर्टची पडताळणी करून घेतली. हे अगदी आधी उरका, वेळ लागू शकतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनाव-नावाची अदलाबदल नको. नंतर मोफत रद्द होणारी हॉटेलं घेतली. विक्री उघडली त्याच दिवशी बीजिंग पश्चिम ते शीआन उत्तर तिकीट काढलं; दोन्ही शहरांत स्थानकं अनेक, म्हणून पूर्ण नाव तपासा. शेवटी निषिद्ध नगरी, म्हणजे बीजिंगमधला जुना राजवाडा: तिकिटं 7 दिवस आधी, सोमवारी सहसा बंद.

रेल्वेचं छापील तिकीट लागत नाही. फाटकावर मूळ पासपोर्टच दाखवायचा. 1 ऑक्टोबरचा सुट्टीचा आठवडा मात्र टाळाच.