पाठांची वेबसाइट बदलताना या चुका टाळा

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि तिसऱ्याच दिवशी निपाणीकडच्या एका बाईंचा फोन आला. "सर, क्यूआर स्कॅन होतोय, खरं पान सापडत नाही म्हणतंय बघा. पोरं बसलीत वर्गात." सुट्टीत आम्ही आमचे सगळे पाठ जुन्या वेबसाइटवरून नव्यावर हलवले होते. आमच्या संगणकावर सगळं नीट उघडत होतं. पण बाईंच्या हातातला सरावाचा कागद जूनमध्ये छापलेला होता आणि त्यावरच्या काळ्या चौकोनात जुना पत्ता होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातले काही शिक्षक आणि पदवीचे विद्यार्थी मिळून आम्ही संगणकाचे पाठ लिहितो. स्प्रेडशीट, पायथन, गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असे विषय. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीत आणि शेजारच्या वर्गासाठी तेच कन्नडमध्ये. पाठ मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे कुणीही घ्यावेत, सुधारावेत, आपल्या शाळेत वापरावेत. असं दहा हातांनी लिहिलेलं साहित्य एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं म्हणजे नुसत्या फायली उचलून ठेवायच्या नसतात. आमचं कुठे चुकलं ते सविस्तर लिहितो आहे, म्हणजे तुमच्या गटाचा तेवढा त्रास वाचेल.

जुना पत्ता मोडणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. वेबसाइट आपण एका रात्रीत बदलू शकतो, पण वाटलेले कागद परत गोळा करता येत नाहीत. हलवायच्या आधी जुन्या वेबसाइटवरच्या प्रत्येक पानाच्या पत्त्याची यादी काढा. साइटमॅप असेल तर यादी तयारच मिळते. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा आणि तशी रिडायरेक्टची, म्हणजे वाचकाला जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेण्याची, सोय करा. स्वतःचा सर्व्हर असेल तर ३०१ या कोडचा कायमचा रिडायरेक्ट लावता येतो. गिटहब पेजेस या वेबसाइट ठेवण्याच्या सेवेवर ती सोय नाही. तिथे जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवावं लागतं, जे उघडताक्षणी वाचकाला नव्या पानावर नेतं. जेकिल (मजकुराच्या फायलींपासून वेबसाइट बनवणारं साधन) वापरत असाल तर अशी पानं आपोआप बनवणारं प्लगइन मिळतं.

आमच्यातल्या एकाने हलवाहलवीतच फोल्डरांची नावंही 'नीट' केली. बेळगावच्या नावाचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग २०१४ मध्ये बदललं, आमच्या जुन्या पत्त्यांत मात्र आधीचंच होतं. त्याने ते बदललं आणि त्या फोल्डरातले सगळे पाठ एका झटक्यात बेपत्ता झाले. त्याचा हेतू चांगला होता. पण पानावरचं शीर्षक हवं तेव्हा बदलावं, पत्त्याला हात लावू नये. तो वाचायला नसतो, पोहोचायला असतो.

पत्त्यात देवनागरी नावं ठेवण्याचा मोहही आवरा. आपल्या भाषेत पत्ता दिसावा असं मलाही मनापासून वाटत होतं. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात रूपांतर होताना प्रत्येक बाइटची ३ चिन्हं होतात. 'बेळगाव' हा शब्द मात्रा आणि काना धरून ६ चिन्हांचा, पत्त्यात तो ५४ चिन्हांचा होतो. पत्ता लांबला की क्यूआरचे ठिपके बारीक आणि दाट होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या कागदावरून साध्या फोनला तो वाचता येत नाही. म्हणून फायलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि आखूड ठेवा, आणि पाठाचं शीर्षक दिमाखात मराठीत लिहा.

अदृश्य अक्षरं पुसणं

ही चूक लक्षात यायला आम्हाला दोन महिने लागले. खानापूर तालुक्यातल्या पावसाच्या नोंदींवर आमचा स्प्रेडशीटचा एक पाठ आहे. त्याच्या सुरुवातीला, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला डोंगर आणि खोल दऱ्या आहेत, असं वाक्य होतं. नव्या वेबसाइटवर ते 'खोल दर्या आहेत' असं झालं. वर्गात वाचताना एका मुलीने विचारलं, "सर, कणकुंबीला दर्या कुठला?"

कारण असं. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि त्यावर हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मग एक शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसतच नाही. आमचे पाठ दहा जणांनी दहा कीबोर्डांवर लिहिलेले, त्यामुळे दोन्ही प्रकार मिसळलेले. स्थलांतराच्या वेळी आम्ही 'नको असलेली अदृश्य चिन्हं' काढणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सगळ्या फायलींवरून फिरवली. तिने जोडक पुसले आणि जिथे जिथे दुसरी पद्धत होती तिथे र चा रफार झाला. दऱ्याचा दर्या झाला, आचाऱ्याचा आचार्य झाला. मराठीत त्या एका अदृश्य चिन्हावर अर्थ उभा असतो.

कन्नड पाठांची तर अवस्था जास्त वाईट झाली. कन्नडमध्ये 'सॉफ्टवेअर' सारखे इंग्रजीतून आलेले शब्द लिहिताना दोन व्यंजनांमध्ये शून्य रुंदीचा विलगक (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) टाकतात, म्हणजे पुढचं अक्षर खाली ओत्तक्षर (कन्नड जोडाक्षराचा खालचा भाग) होऊन लटकत नाही. स्क्रिप्टने तेही पुसले. आमच्या कन्नड लिहिणाऱ्या मित्राने पान उघडलं आणि एवढंच म्हणाला, "हे आमची मुलं वाचू शकणार नाहीत."

म्हणून, अदृश्य चिन्हं सरसकट काढणारं कोणतंही साधन भारतीय भाषांच्या मजकुरावर चालवू नका. चालवायचंच असेल तर आधी 'र, हलन्त, जोडक' हा क्रम शोधून तिथे 'ऱ, हलन्त' घाला. याचा आणखी एक फायदा होतो. दोन पद्धतींनी लिहिलेला एकच शब्द शोधयंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात, तो घोळही मिटतो. मूळ फायलींची प्रत मात्र बाजूला राहू द्या. आम्ही ती ठेवली होती म्हणून वाचलो.

जुने पाठ श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या फॉन्टांतून आलेले असतील तर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक पाठ एका माणसाने ओळ न ओळ वाचलाच पाहिजे. रूपांतरक नव्वद टक्के काम करतो असं म्हणून सोडून देता येत नाही. उरलेल्या चुका नेमक्या जोडाक्षरांत आणि आकड्यांत बसतात, आणि गणिताच्या पाठात चुकलेला आकडा मुलांना खरा वाटतो.

जाता जाता, प्रत्येक पानाला भाषेची खूण लावा, मराठीला एमआर आणि कन्नडला केएन. मराठी ल आणि श चं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. काही फॉन्ट ही खूण पाहूनच योग्य वळण दाखवतात. खूण नसेल तर पाचवीतल्या मुलाला पाटीवरचा ल वेगळा आणि पडद्यावरचा वेगळा दिसतो. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही तीच खूण लागते.

मार्कडाउन सगळीकडे सारखंच असतं असं मानणं

आम्ही जेकिलवरून पँडॉक (मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारं साधन) यावर चालणाऱ्या मांडणीकडे गेलो. दोन्हीकडे मार्कडाउनच, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी लिहायची पद्धत, म्हणून निर्धास्त होतो. जुन्या मांडणीत स्वाध्यायाची चौकट म्हणजे उद्धरण आणि त्याखाली महिरपी कंसातली एक खूण. नव्या मांडणीत चौकट तीन अपूर्णविरामांच्या ओळीने उघडते आणि तशाच ओळीने बंद होते. पँडॉकला जुनी खूण कळत नाही. तो ती जशीच्या तशी पानावर छापतो आणि तिच्या वरची चौकट साधं उद्धरण होऊन बसते. खानापूरच्या एका सत्रात प्रश्नाखाली झाकलेलं असायला हवं ते उत्तर उघडंच दिसत होतं. मुलांनी सरासरी काढलीच नाही, वाचून लिहिली.

नव्या चौकटींची गोम अशी की नुसत्या अपूर्णविरामांची, नाव नसलेली ओळ ही नेहमी बंद करणारी ओळ धरली जाते. उघडणाऱ्या ओळीला नाव द्यायचं राहिलं तर ती चौकट उघडतच नाही, उलट तिच्या बाहेरची चौकट बंद होते. आणि बंद करणारी ओळ विसरली तर खालचा सगळा पाठ त्याच चौकटीत शिरतो. स्वाध्यायाच्या आत उत्तर अशी एकात एक चौकट असेल तिथे आम्ही बाहेरच्या चौकटीला जास्त अपूर्णविराम देतो. पँडॉकला त्याची गरज नाही, तो मोजत नाही. पण तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना कुठली चौकट कुठे संपते ते कळतं.

आता मराठीची खास अडचण. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'सेलमध्ये' लिहिताना फक्त सेल तिरपा करायचा म्हणून दोन्ही बाजूंना अधोरेषा दिल्या, तर पुढे लगेच 'मध्ये' असल्यामुळे ती अधोरेषा शब्दाच्या आतली समजली जाते आणि शब्द तिरपा होत नाही, अधोरेषाच छापल्या जातात. तिथे अधोरेषेऐवजी तारा (*) वापरा. ठळक करताना अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या आत असेल आणि ताऱ्यांनंतर लगेच 'ला' किंवा 'चा' येत असेल, तर कॉमनमार्कचे (मार्कडाउनची प्रमाण नियमावली) नियम पाळणाऱ्या साधनांत तारे बंदच होत नाहीत. गिटहबही त्यांतलंच. उपाय सोपा आहे. अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या बाहेर घ्या. इंग्रजीत शब्दानंतर जागा असते म्हणून तिकडे ही अडचण फारशी येत नाही, आणि म्हणूनच मदतीच्या पानांवर तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

माणसांची नावं हरवणं

हे मला सगळ्यात जास्त लागलं. चिक्कोडीकडच्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षं रात्री बसून कन्नड अनुवाद केले होते. आम्ही जुन्या रेपोतल्या (गिटमधलं फायलींचं भांडार) फायली कॉपी करून नव्यात टाकल्या आणि एकच कमिट (बदलांची नोंद) केली. त्या कमिटवर माझं नाव. तिचं कुठेच नाही. नोकरीच्या अर्जात दाखवायला तिने दुवा उघडला तेव्हा तिला हे कळलं, आणि तिच्याकडून आम्हाला. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय परवान्यात लेखकाला श्रेय देणं ही अटच आहे. पण अट नसती तरी हे चूकच होतं.

म्हणून फायली कॉपी करू नका, इतिहासासकट रेपो हलवा. त्यातही एक खाचखळगा आहे. फाइलचं नाव बदललं हे गिट कुठेही लिहून ठेवत नाही, दोन फायलींच्या साम्यावरून ते ताडतं. साम्य ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर ती त्याला नवीनच फाइल वाटते आणि मागचे लेखक तिथेच तुटतात. आधी फक्त जागा आणि नाव बदलून एक कमिट करा. मजकुरातले बदल दुसऱ्या कमिटमध्ये. एवढं पाळलं तर फाइलचा माग शेवटपर्यंत काढता येतो.

आमचा इतिहास जड झाला होता, जुन्या डिझाइनच्या फायलींनी भरलेला. तो हलका करायचा असेल तर जगात झालेलं एक उदाहरण पाहा. कार्पेंट्रीज या संस्थेने २०२३ मध्ये आपले पाठ जेकिलवरून वर्कबेंच नावाच्या नव्या मांडणीवर नेले, तेव्हा इतिहासातून जुन्या साच्याच्या फायली गाळल्या आणि सगळ्यांना सांगितलं की जुने फॉर्क (आपल्या खात्यात घेतलेल्या प्रती) काढून टाका आणि नव्याने घ्या. इतिहास नव्याने लिहिला की जुन्या क्लोनमधून (संगणकावर उतरवलेली प्रत) आलेला एक पुश (वर पाठवलेले बदल) सगळा गाळलेला इतिहास परत आणू शकतो. आमच्यात हे सांगितलं गेलं, पण गटाच्या व्हॉट्सअॅपवर, शुभेच्छांच्या गर्दीत. प्रत्येकाला फोन करून सांगायला हवं होतं, आणि प्रत्येकाची बाकी राहिलेली पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) आधी निकालात काढायला हवी होती. कारण जुना रेपो आर्काइव्ह केला की तो फक्त वाचण्यापुरता उरतो. तो आर्काइव्ह कराच. आम्ही सोडून दिला आणि दोन शिक्षक महिनाभर जुन्यातच दुरुस्त्या करत राहिले.

काही छोट्या गोष्टी. विंडोजवर मोठ्या आणि लहान अक्षरांतलं फाइलचं नाव एकच धरलं जातं, लिनक्सच्या सर्व्हरवर नाही. घरी दिसणारं चित्र वेबसाइटवर गायब असेल तर आधी हे बघा. पत्ता तिरप्या रेघेने सुरू होत असेल आणि वेबसाइट उपफोल्डरात असेल तरीही चित्र गायब होतं. दुरुस्ती केली आणि पान तसंच दिसतंय म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नका. गिटहब पेजेसवरचं पान ब्राउझर १० मिनिटं जुनंच दाखवू शकतो. आणि जानेवारी ते मार्च हे काम काढूच नका. दहावीची मुलं तेव्हा याच पानांवर असतात.

बाईंच्या शाळेसाठी त्या दिवशी मी जुन्या पत्त्यावर पुढे नेणारं पान टाकलं आणि अर्ध्या तासाने त्यांना फोन केला. तास संपला होता. त्यांनी तोवर फळ्यावर सगळी सारणी हाताने काढून शिकवलं होतं. आता हलवाहलवीआधी आम्ही शाळांतून वापरलेले, चुरगळलेले कागद मागवतो आणि साध्या फोनवर, मोबाइलच्या रेंजवर, प्रत्येक चौकोन स्कॅन करून बघतो. गेल्या खेपेला एकूण सदतीस कागद आले. त्यातले चार उघडले नाहीत, आणि ते चारही कन्नड पाठांचे होते. सध्या आम्ही त्यांच्यावर काम करतो आहोत.