टेस्टोस्टेरॉनची कंपनी बदलताय? या चुका टाळा

"कंटेंट तोच आहे ना? मग स्वस्तातलं द्या." कोथरूडमधल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. पॅरासिटामॉलसाठी ते अगदी बरोबर. टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या, खोक्यावर मात्र पहिला शब्द वाचून भागत नाही, दुसराही वाचावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले. नातेवाइकाने बाहेरून आणून दिलेलं इंजेक्शन घेतल्यापासून अंगात त्राण नव्हतं. "बोगस माल आहे," म्हणाले. मी दोन्ही खोकी मागवून घेतली. जुन्यावर टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, १००० मिलिग्रॅम. नव्यावर टेस्टोस्टेरॉन एनँथेट, २५० मिलिग्रॅम. अनडेकॅनोएट स्नायूतून सावकाश सुटतं. सुरुवातीचे डोस झाले की पुढचं १० ते १४ आठवड्यांनी. एनँथेट दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. काकांनी औषध बदललं आणि तारीख जुनीच ठेवली. दोन महिन्यांहून जास्त काळ ते औषधाविनाच होते.

म्हणून परस्पर अदलाबदल करू नका. आम्हालाही तशी मुभा नाही: शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधासाठी चिठ्ठीवर एक ब्रँड असताना दुसरा देणं कायद्यात बसत नाही, कंटेंट तोच असला तरी. स्वस्त पर्याय डॉक्टरांकडेच मागा, आणि चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि किती आठवड्यांनी घ्यायचं, हे तिन्ही लिहून घ्या.

याच्या उलटी चूक म्हणजे जेनेरिक, म्हणजे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध, कमी ताकदीचं असतं असं धरून चालणं. हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ साली. त्या रेणूचं पेटंट आता कुणाकडेच नाही. आपल्याकडे 'ब्रँडेड' म्हणून मिळणारी बरीचशी औषधं मुळात जेनेरिकच आहेत, फक्त त्यांना कंपनीने नाव दिलेलं आहे. "जेनेरिकला ८० ते १२५ टक्के चालतं, म्हणजे औषध २० टक्के कमी?" असं सुशिक्षित माणसंही विचारतात. तसं नाही. रक्तात किती औषध पोहोचतं याची मूळ औषधाशी तुलना करताना चाचणीत जी अनिश्चितता उरते, तो अख्खा पट्टा ८० आणि १२५ च्या आत बसवावा लागतो. तो बसायचा तर सरासरी १०० च्या जवळपासच असावी लागते.

सगळ्यात जास्त गोंधळ रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवरून होतो. मार्चमध्ये आकडा चांगला, जूनमध्ये पडला, मधे कंपनी बदलली, झालं, दोष कंपनीला! आधी रक्त कधी दिलं ते पाहा. एनँथेट चालू असेल तर दोन इंजेक्शनांच्या मधोमध, अनडेकॅनोएट इंजेक्शनला पुढच्या डोसच्या अगदी आधी, जेलला लावल्यानंतर २ ते ८ तासांनी. लॅबही शक्यतो तीच ठेवा. ज्या हातावर जेल चोळलं त्याच हातातून रक्त काढलं, तर आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो.

इंजेक्शनातल्या तेलाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. सस्टॅनॉन या ब्रँडच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल असतं, नेबिडो या ब्रँडमध्ये एरंडेल. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन ज्यांच्या ओठांना सूज येते, त्यांनी हे डॉक्टरांना सुई टोचण्याआधी सांगायलाच हवं.

अनडेकॅनोएटची कॅप्सूल असेल तर ती तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घ्या. नुसत्या चहावर घेतली तर ती नीट शोषलीच जात नाही, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

मूल हवं असणाऱ्यांनी हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. जिममधली पोरं चिठ्ठीशिवाय मागायला येतात, त्यांना मी हेच सांगून परत पाठवतो.

जेल बदलताना टक्केवारी तपासा. १ टक्क्याच्या ५ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम, १.६२ टक्क्यांच्या अडीच ग्रॅममध्ये ४०.५, 'तेवढंच जेल' म्हणजे तेवढंच औषध नव्हे. लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा वाळू द्या, वर सदरा घाला, आणि लहान मुलाला त्या खांद्यावर झोपवू नका.