अमेरिकन विद्यापीठात मंडळासाठी निधी मागताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थी दर सेमिस्टरला ट्यूशनसोबत स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी भरतात. तिचा काही भाग स्टुडंट गव्हर्नमेंटच्या (विद्यार्थ्यांनी निवडलेल्या मंडळाच्या) ॲलोकेशन कमिटीकडे, म्हणजे निधी वाटणाऱ्या समितीकडे, जातो आणि तिथून नोंदणीकृत विद्यार्थी संघटनांना, म्हणजे तुमच्या मराठी मंडळालाही, मिळतो. म्हणजे गणपती, दिवाळी किंवा पाडव्यासाठी तुम्ही मागता त्या पैशांत तुमचेही पैसे आहेत. तरी अर्ज परत येतात. कार्यक्रम चांगला नाही म्हणून सहसा येत नाहीत. बरेचदा मुदत हुकते, कागद अपुरे पडतात किंवा आधी खर्च आणि मग मंजुरी असा उलटा क्रम लागतो म्हणून येतात.

ऑगस्टमध्ये जागं होणं

बहुतेक विद्यापीठांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं आणि त्याचं वार्षिक बजेट आधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवलं जातं. एमएसला आलेली नवी मुलं ऑगस्टमध्ये उतरतात, सप्टेंबरमध्ये मंडळ हातात घेतात आणि तेव्हा कळतं की मागच्या पदाधिकाऱ्यांनी अर्जच भरला नव्हता. दोन वर्षांत सगळे पास होऊन जातात, त्यामुळे ही चूक मंडळांत पुन्हापुन्हा होते. जुन्या पदाधिकाऱ्यांनी जाण्यापूर्वी पुढच्या वर्षाचा अर्ज भरायचा, हे मंडळाच्या घटनेतच लिहून टाका.

वार्षिक बजेट हुकलं असेल तर एकेका कार्यक्रमासाठीचा वेगळा निधी असतो. त्याचे अर्ज वर्षभर घेतात, पण कार्यक्रमाच्या तीन ते सहा आठवडे आधी. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, म्हणून त्यांचा अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीतच जायला हवा. सुट्टीत कमिटीची बैठक होते का, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

त्याआधी नोंदणी तपासा. दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी, सल्लागार प्राध्यापक किंवा कर्मचारी आणि खजिनदाराचं प्रशिक्षण यांची पूर्तता केल्याशिवाय विद्यापीठात मंडळाचं खातं उघडत नाही. सभासदत्व ‘फक्त मराठी विद्यार्थ्यांसाठी’ असं घटनेत लिहिलं असेल तर तेवढ्यावरून अर्ज अडतो. ते सर्व विद्यार्थ्यांना खुलं ठेवा.

‘दिवाळी कार्यक्रम : ३,००० डॉलर’

अशा एका ओळीच्या बजेटला कमिटी हमखास कात्री लावते, कारण कशाचे किती हेच तिला दिसत नाही. फोड करून द्या. समजा २५० माणसं आणि ९ डॉलरचं ताट, तर जेवण २,२५० डॉलर. सजावट २००, छपाई ६०. हॉलचं भाडं, साउंडवाला आणि सुरक्षारक्षक यांचे दर विद्यापीठाकडून लेखी घ्या; रक्षकाचे बरेचदा किमान चार तास लावतात. तिकीट ५ डॉलर असेल तर अपेक्षित वसुली वजा करून दाखवा. प्रत्येक मोठ्या आकड्यामागे कोटेशन जोडा. जेवणावर माणशी मर्यादा असेल तर ती आधी वाचा, नाहीतर ९ डॉलरच्या जागी ६ मंजूर होतात आणि वरचे ७५० डॉलर तुमच्या माथी येतात.

फुगवून मागू नका. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च कमिटीसमोर असतो. ३,००० घेऊन १,७०० खर्चले असतील, तर पुढच्या वेळी चर्चा १,७०० पासून सुरू होते.

स्वतःच्या कार्डाने आधी भरणं

सगळ्यात महाग चूक हीच, आणि तिचा फटका एकट्या खजिनदाराला बसतो. मंजुरीच्या तारखेआधी झालेला खर्च बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, पावती कितीही स्पष्ट असली तरी. मंजुरीनंतरही शक्यतो विद्यापीठाला थेट दुकानदाराला पैसे द्यायला लावा. बऱ्याच राज्यांत विद्यापीठाच्या खरेदीला सेल्स टॅक्स माफ असतो. तुम्ही स्वतः भरलात तर तो कर बिलात येतो आणि बहुतेक वेळा परत मिळत नाही. १,२०० डॉलरच्या खरेदीवर ८ टक्के म्हणजे ९६ डॉलर गेले.

पावतीवर वस्तूंची नावं हवीत. कार्ड मशीनमधून निघालेली, नुसती एकूण रक्कम दाखवणारी चिठ्ठी चालत नाही. इंडियन ग्रोसरीत नारळ, सुपारी, उदबत्तीबरोबर घरचं तूरडाळीचं पोतं एकाच बिलावर घेतलं, तर पूर्ण बिल परत येऊ शकतं. काउंटरवर दोन बिलं करायला सांगा, एक मिनिटाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी होते. ओळखीच्या काकूंकडून २०० उकडीचे मोदक मागवायचे आणि झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने) पैसे पाठवायचे. मोदक उत्तम असतात, पण घरच्या स्वयंपाकघराला परवाना नाही, रीतसर इनव्हॉइस नाही, आणि झेलचा स्क्रीनशॉट पावती म्हणून धरत नाहीत. परवानाधारक केटररकडून घ्या, आणि त्याच्याकडे विम्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. काही कॅम्पसवर ठरावीक केटररच लागतो, बाहेरच्यासाठी वेगळी सूट मागावी लागते.

पूजा लपवणं

निधी नाकारतील या भीतीने काही मंडळं अर्जात गणेशोत्सवाला ‘सांस्कृतिक मेळावा’ म्हणतात आणि खर्चात मात्र मूर्ती व पूजासाहित्य येतं. मंजुरी एका गोष्टीची आणि बिल दुसऱ्याचं, मग ते बिल अडतं. खरं ते लिहा, कारण सरकारी विद्यापीठांत कायदा तुमच्या बाजूला बराच झुकलेला आहे.

व्हर्जिनिया विद्यापीठाने एका ख्रिस्ती विद्यार्थी मासिकाचं ५,८६२ डॉलरचं छपाईचं बिल धार्मिक मजकुराच्या कारणावरून नाकारलं होतं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चूक ठरवलं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या खटल्यात २००० साली कोर्टाने सांगितलं की सक्तीची फी घेता येईल, पण वाटप मतनिरपेक्ष हवं, म्हणजे गटाचं मत काय हे पाहून ठरवलेलं नको. २०१० मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्याच विद्यापीठाला कॅथलिक विद्यार्थी गटाच्या प्रार्थना व उपासनेसारख्या कार्यक्रमांवरून निधी नाकारता येत नाही असं ठरवलं. या न्यायालयाच्या कक्षेत इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन येतात. खाजगी विद्यापीठांना हे बंधन नाही, तिथे त्यांचे स्वतःचे नियम वाचावे लागतात.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत पाहा. ती थोड्याच दिवसांची असते. अपिलात ‘आमच्याकडे इतके भारतीय विद्यार्थी आहेत’ यावर भर देऊ नका. २००० च्या त्याच निकालात, बहुमताच्या कौलावर निधी ठरवणं मतनिरपेक्षतेत बसत नाही, असा इशारा आहे. उपस्थितीचा आकडा ताटं मोजायला वापरा, हक्क सिद्ध करायला नको. समान निकषाचा मुद्दा मांडा: तुमच्यासारख्या दुसऱ्या कार्यक्रमाला मिळालं, तर तुम्हाला का नाही? दिव्यांसाठी उघडी ज्योत लावायची असेल तर अग्निशमन परवानगीचं वेगळं बघा.

कलाकाराला शब्द देऊन बसणं

करारावर विद्यार्थ्याने सही करायची नसते. केलीत तर विद्यापीठ तो मानत नाही आणि जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. स्थानिक कलाकाराकडून डब्ल्यू-९ फॉर्म (करासाठीची ओळख देणारा) घेऊन त्याची विद्यापीठाकडे व्हेंडर म्हणून, म्हणजे पैसे घेणारा पुरवठादार म्हणून, नोंद करायलाच काही आठवडे जातात, म्हणून हे काम हॉल बुक होताच सुरू करा.

भारतातून आलेल्या गायकाला तर व्हिसाचा प्रश्न आधी. पर्यटक म्हणून आलेल्याला मैफलीचे पैसे देता येत नाहीत. बी व्हिसावर (पर्यटन किंवा कामानिमित्त छोट्या भेटीच्या) मानधनाची जी सवलत आहे ती व्याख्यानासारख्या शैक्षणिक कामासाठी आहे: एका संस्थेत जास्तीत जास्त ९ दिवस, आणि सहा महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून नाही. सादरीकरणासाठी सहसा कलाकारांसाठीचा ओ किंवा पी वर्गातला व्हिसा लागतो. शिवाय अनिवासी व्यक्तीच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर कापला जातो, तो ठरलेल्या मानधनात धरलाय की वर, हे बोलून घ्या.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मित्राला डीजे किंवा ढोल वाजवण्याचे २०० डॉलर देणं सहज वाटतं. ते विनापरवाना काम ठरलं तर त्याचं शिक्षणच धोक्यात येतं. इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.

स्वतःच्या नावावर खातं

प्रायोजकांचे आणि तिकिटांचे पैसे खजिनदाराच्या व्हेन्मोवर (पैसे देण्याघेण्याच्या ॲपवर) घेऊ नका. ते त्याचं उत्पन्न दिसू शकतं, आणि तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला की पैसे अडकतात. ते विद्यापीठातल्या मंडळाच्या खात्यात जाऊ द्या. देणगीवर करसवलत मिळेल असंही पत्रकात छापू नका. ती हवी असेल तर देणगी सहसा विद्यापीठाच्या, देणग्या घेणाऱ्या फाउंडेशनमार्फत यायला हवी.

जूनची वाट बघणं

फीमधून मिळालेली शिल्लक ३० जूनला बहुधा परत जाते, पण खरेदीची शेवटची तारीख एप्रिल-मेमध्येच असते. पाडव्याची बिलं कार्यक्रमाच्या दुसऱ्याच आठवड्यात टाका. स्वतः भरलेले पैसे परत मागायला बरेचदा ३० किंवा ६० दिवसांची मुदत असते. मग नव्या खजिनदाराला एकच फोल्डर द्या: मंजूर बजेट, प्रत्यक्ष खर्च, कोटेशनं, व्हेंडर झालेल्या केटररांची नावं, कमिटीच्या नकाराची पत्रं आणि पुढच्या वर्षाच्या अर्जाची प्रत.