नांगराचा दोर नायलॉनचाच आहे का, बादलीत बघा

हर्णै असो की मालवण, दुकानात कुठलाही प्लास्टिकचा दोर सर्रास नायलॉन म्हणूनच खपतो, म्हणून घ्यायच्या आधी वीतभर तुकडा मागून घ्या.

बादलीत समुद्राचं पाणी घ्या, तुकडा पाण्याखाली धरून बोटांनी चांगला पिळा म्हणजे पिळातली हवा बुडबुडे होऊन निघून जाते, ती राहिली तर नायलॉनसुद्धा तरंगतो नी आपण फसतो. मग सोडा. वर आला तर पॉलीप्रॉपिलीन नाहीतर पॉलिथिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

मूळ सगळ्यांचं बहुतेक कच्चं तेलच. त्यातून निघणारा नाफ्था (एक हलकं तेल) खूप तापवून फोडला की इथिलीन, प्रॉपिलीन मिळतात, ते जोडून पॉलिथिलीन, पॉलीप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या होतात, त्यांत नुसता कार्बन नी हायड्रोजन, म्हणून घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) ०.९ च्या आसपास. नायलॉनमध्ये नायट्रोजन, ऑक्सिजनपण असतात, घनता १.१४, आणि समुद्राचं पाणी साधारण १.०२५.

नांगराला नायलॉनच बरा, तो ताणतो नी लाटेचा हिसका सोसतो. तरंगणारा दोर बोटीच्या पंख्यात अडकू शकतो, शिवाय पॉलीप्रॉपिलीन उन्हात लवकर ठिसूळ होतो. आणि हो, टोक जाळून बंद करताना वितळलेल्या थेंबाला बोट लावू नका, चिकटून भाजतो.